चोवीस दारांचा पंप

आमच्या गावातून पहिल्यांदा जो मानूस पंप पाहून आला, त्याले आम्ही सगळ्यायनं येड्यात काढलं. पेट्रोल पंप काय पाहाची गोष्ट हाय? मानसानं कळंबले चिंतामणीच्या दर्शनाले जावं, यवतमाळले सोयऱ्याकडं जावं, पंपाले कायले? आमच्या ह्यायनं तं पारावर बसून त्याची बम मजा घेतली. आन आठ दिवसानं हेच गुपचूप मोटरसायकल घेऊन जाऊन आले. घरात पाय ठेवला नाही तं सुरू झाले, "कोकिळे, अकरा एकरात पंप हाय वं. अकरा एकर." म्या म्हनलं, "आपल्याजवळ पाच हाय, ते पहिले निंदून द्या."

पन दम मलेबी निंघत नव्हता, खोटं कायले बोलू.

हैदराबादच्या हायवेवर, केळापूरच्या थोडा पुढं, मागच्या दिवाळीत तो चालू झाला. चाळीस मशिनी हायेत. ट्रकाची बाजू वेगळी, कारची वेगळी. मधात काचेचं येवढं मोठं दुकान का आत गेलेला मानूस बायकोले फोन करून इचारते, तू कोन्या बाजूनं हायेस म्हनून. तिथं संत्रा बर्फी भेटते, सतरंजी भेटते, लेकराची सायकल भेटते. बाहेर तर्री-पोह्याचा वास, कारंजं, झुले, आन समोर वीस फूट उंच सिमेंटचं कापसाचं बोंड. ज्यायनं जलमभर कापूस येचला त्याच बाया नवी साडी नेसून त्या बोंडापुढं उभ्या राह्यते आन फोटोत अशा हासते का जसा कापूस पहिल्यांदाच पाह्यला. डिझेल भरनारे कमी, पाहनारे जास्त. गावात नवी सून आली का पहिला रविवार चिंतामणीचा आन दुसरा पंपाचा, असं ठरूनच गेलं.

पन मले जी गोष्ट सांगाची हाय ती बोंडाची नाही. ती माह्या मोठ्या जाऊबाईची हाय, इंदुताईची. आज चौपन्न वर्साच्या हायेत. मी या घरात आली तवा मले ना चूल नीट पेटवता ये, ना तोंड बंद ठेवता ये. चूल ताईनं शिकवली. तोंडाचं त्यायलेबी जमलं नाही. पऱ्हाटीत उतरल्या का त्यायच्या बरोबरीनं कापूस येचनारी बाई पंचक्रोशीत नाही, आमची एक ओळ होते तवर त्यायच्या दोन. बोलनं कमी. कोनाच्या घरी मयत असो का मंगल, पहिले त्या हजर. फक्त एक गोष्ट व्हती, पाच वर्सापासून ताई गावाच्या शिवेबाहेर गेल्या नव्हत्या. कोन्या लग्नाले नाही, कोन्या देवाले नाही. इचारलं तं म्हनत, "मले गाडी लागते." आता गाडी लागते म्हनजे ओकारी येते, त्याच्यावर कोन काय बोलनार?

सगळ्याईनं सोडून देलं, पन सुरभी सोडून देनार नव्हती. सुरभी ताईची लेक, दोन पोराईनंतरची शेंडेफळ. चार वर्सामांगं तिनं आदिलाबादचा पोरगा आपल्या मनानं जमवला. बोली आपलीच, पन जात नाही, म्हनून तिचे बाबा, माह्ये भासरे सदाशिवराव, सहा महिने तिच्याशी बोलले नाही. मंग इरले, लगन आमच्याच आंगनात झालं, पुरनाच्या पंगती उठल्या, सारं गोड झालं. पन आदिलाबाद आमच्यापासून अडीच तासावर, आन माय एकदाबी लेकीच्या घरी गेली नाही. पहिल्या बाळंतपनाले सुरभी माहेरी आली, ते पोरगं घेऊन जे गेली ते तीबी परत आली नाही. आम्हाले वाटे, रागानं येत नाही.

मंग या हिवाळ्यात तिचे दुसऱ्याचे दिवस भरत आले. डॉक्टरनं गाडीत बसू नको म्हनून सांगतलं, म्हनजे बाळंतपन सासरीच. तिचा फोन आला तवा मी तिथंच मटर सोलत बसली व्हती. सुरभी म्हने, "आई, बारशाले तू बाळंतविडा घेऊन आली नाही ना, तं मी समजन का तू मले अजून माफ नाही केलं. मंग मले माहेर नाही असंच समजतो." ताई म्हनल्या, "येतो ना वं." आन फोन ठेवून कापूस येचाची धोपटी घेऊन वावरात निंघून गेल्या.

माह्या डोक्यात तिडीक गेली. मले राग आला का मी मांगंपुढं पाहत नाही. गेली त्यायच्या मांगं, पऱ्हाटीच्या मधात उभी राह्यली आन तोंड सोडलं. म्हनलं, ताई, मायनं येवढं कठीन राहू नये, पोरीनं काय खून केला का, अडीच तास गाडी लागली तं लागली, ओका पिशवीत. ताई येचत राह्यल्या. मंग खालीच पाहून म्हनल्या, "कोकिळे, मले गाडी नाही लागत. मले धरवत नाही."

मी तिथंच खाली बसली.

सुरभी झाली तवापासून हाय म्हने. पोरगी साडेचार किलोची, घरीच झाली, दोन दिवस कळा देऊन. तवापासून शिंक आली, खोकला आला, जड उचललं, का लघवी होते. घरी संडास हाय, वावरात पऱ्हाटीची आड हाय, तं कोनाले कळलं नाही. गाडीत मातर एक तास निभते, लय झालं तं दीड. पाच वर्सामांगं आम्ही सगळे टेम्पोनं एका लग्नाले गेलतो, रस्त्यात गाड्या अडकल्या, तीन तास हाललो नाही. दोन्ही बाजूनं ट्रक, कुठी उतराले जागा नाही. तवा ताईची साडी भिजली व्हती. त्या म्हनल्या व्हत्या, पान्याची बाटली सांडली. आन म्या, या कोकिळेनं, सगळ्या वऱ्हाडासमोर म्हनलं व्हतं का ताईले बाटलीचं बूचबी लावता येत नाही. सारा टेम्पो हासला व्हता. मले ते आठवलं आन सोताच्या थोबाडीत मारावं वाटलं.

म्हनलं, "सुरभीले काहून नाही सांगत?"

"काय सांगू तिले? तुह्यापायी झालं म्हनून?"

म्या त्यायच्या बाजूची ओळ धरली आन येचाले लागली. 

त्याच आठवड्यात माही पोरगी नयन कॉलेजातून सुटीवर आली. मैत्रिनीसंग पंप पाहून आली व्हती, मोबाइलमधे सारं काढून आनलं व्हतं. आम्हाले दाखवून राह्यली, हे कारंजं, हे बोंड, हे झुले. ताई भाकरी थापता थापता एक डोळा टाकत व्हत्या. मंग बायाच्या संडासाची बाजू आली. लांब ओसरीसारखी जागा, चकचकीत फरशी, आन दोन्ही हातानं दारंच दारं. नयन म्हने, "मोठीआई, चोवीस हायेत, फक्त बायांसाठी." ताईनं तव्यावरची भाकर तशीच सोडली. म्हनल्या, "ते परत दाखव." नयननं परत दाखवलं. "आतून कडी लागते का?" लागते. "पानी दिवसभर राह्यते का?" राह्यते. भाकर जळाचा वास सुटला आन माह्या डोक्यात उजेड पडला. घरापासून पंप दीड तास. पंपापासून आदिलाबाद एक तास. मायबाई, मी पाटावरून उठून उभीच राह्यली. ताईनं माह्याकडं पाह्यलं. दोघीच्याबी मनात एकच गोष्ट आली व्हती.

पन ताईले भरोसा पाहिजे व्हता. मंग म्या गावात हाकाटी केली का बायाबायाईनं पंप पाहाले जाऊ. अकरा जनी तयार झाल्या. बाजूच्या तांड्यावरच्या खेमसिंगची मॅजिक गाडी ठरवली. कोनालेच माहीत नव्हतं का ही रंगीत तालीम हाय. बाया नव्या साड्या नेसून, भाकर-झुनका फडक्यात बांधून, जत्रेले निंघाल्यावानी निंघाल्या. ताईनं आदल्या सांजेपासून पानी पेनं सोडलं व्हतं. वाटेत बाया गानी म्हनत व्हत्या, अन् मी ताईच्या तोंडाकडं पाहत व्हती. सव्वा तासानं त्यायनं माहा हात धरला. मी खेमसिंगले म्हनलं, "जरा दाब गा." त्यानं दाबली. पंपाचा झेंडा दिसला तवा मी मनातल्या मनात नारळ कबूल केला.

उतरलो आन सरळ बायाच्या बाजूनं. ती फरशी पाह्यली, आपलं तोंड दिसे तिच्यात. आमच्यापैकी कोनं पहिले केलं माहीत नाही, पन अकराच्या अकरा जनीनं चपला बाहेर काढल्या, ओळीनं लावल्या आन अनवानी आत गेलो. येवढ्या सोच्छ जागी चपला घालून कसं जावं? आम्हाले पाहून मांगच्या बसमधल्या नागपूरच्या बायाईनंबी सँडल काढल्या, त्यायले वाटलं तसा नियमच हाय. थोड्या वेळात दाराशी चपलाचा ढीग. आतून एक बाई पोछा घेऊन धावत आली, कोन्या बंजारा तांड्यावरची व्हती, हातात पांढऱ्या पाटल्या, आंगावर पंपाचा निळा कोट. म्हने, "अवो याडी, चपला घाला, आत ओलं हाय, पडसान." आन हासत हासत खालीच बसली. तिचं नाव मानीबाई. याडी म्हनजे त्यायच्या बोलीत माय, ताईले तिनं तवापासून याडीच म्हनलं.

ताई त्या दिवशी चार वेळा आत जाऊन आल्या. पाचव्यांदा निंघाल्या तवा म्या म्हनलं, "आता काय?" म्हनल्या, "गरज नाही, पन दार उघडं हाय तं जाऊन येतो." मानीबाई सांगे, तिचे आजे-पनजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून याच वाटेनं जात, पान्याची जागा पाहून मुक्काम टाकत. ती म्हने, "आता अख्खं जग इथं मुक्काम टाकते, आन साफ मी ठेवतो." लय ऐट व्हती बाईची, आन व्हावीच. ताईनं तिच्याजवळ बसून भाकर खाल्ली, पोटभर पानी पेल्या, बोंडापुढं फोटो काढला. येताना खिडकीशी बसून अशा बोलत व्हत्या का मले मधात शिराले जागा सापडत नव्हती. ही तूर कोनाची, ते कोनतं गाव, हा पूल कवा झाला. पाच वर्साचं पाहून घेत व्हत्या.

नऊ दिवसानं सुरभीले मुलगी झाली. बारसं रविवारी, साडेबाराचा मुहूर्त. ताईनं बाळंतविडा बांधला, झबली, टोपरं, दुपटं, डिंकाचे लाडू, खोबरं. रात्रभर घरात मेथीचा वास. सकाळी मॅजिकमधे ताई, भासरे, आम्ही दोघं नवराबायको आन नयन. भासऱ्याईले काहीच माहीत नव्हतं. ते म्हने, "पंपावर कायले थांबाचं? आपल्याले बारशाले जाचं हाय का पंप पाहाले?" मी डोक्यावरचा पदर सारखा केला आन खेमसिंगले म्हनलं, "थांबाचं हाय." माह्या आवाजावरून ते चूप झाले.

आन पंपावर पोचलो तं काय. शाळेच्या सहलीच्या चार बसा, देवदर्शनाच्या दोन, कारीचा तं हिशेबच नाही. आम्हीच तं गावोगाव सांगतलं व्हतं ना, पंप पाहा, पंप पाहा म्हनून? मंग सगळं जग पाहाले आलतं. बायाची लाइन दारातून निंघून बोंडाले वळसा घालून झुल्यापर्यंत गेलती. मानीबाईची त्या दिवशी सुटी, दुसरीच पोरगी व्हती, ती कोनाचं ऐकत नव्हती. चोवीस दारं व्हती आन बाया दोनशे.

ताई लाइनीच्या शेवटी उभ्या राह्यल्या. पाच मिनिटात लाइन दोन पावलं सरकली. ताईच्या तोंडाचं पानी गेलं, ओठ दाबलेले, पाय जवळ. भासरे मांगून आले, हातात बाळंतविड्याची पिशवी. म्हने, "इंदे, अकरा वाजून गेले. चाल, तासावर तं आदिलाबाद हाय, तिथं जा." ताईनं माह्याकडं पाह्यलं आन इतक्या हळू बोलल्या का मलेच आयकू आलं. "कोकिळे, तुमी समदे जा. मी इथंच थांबतो, येताना मले घेऊन जा. सुरभीले सांग, गाडी लागली."

मी तं पदर खोचला. आता एकेकीले धरून बाजूले करतो, असं ठरवलंच व्हतं. पन मी तोंड उघडाच्या आधी ताई लाइनीतून बाहेर निंघाल्या आन सगळ्यायच्या समोर येऊन उभ्या राह्यल्या. जी बाई घरात आवाज चढवत नाही, ती तिथं बोलली आन झुल्यावरच्या लेकरायलेबी आयकू गेलं.

"बायाओ, मले धरवत नाही. लय वर्सापासून नाही धरवत. त्याच्यापायी चार वर्सं मी पोटच्या पोरीच्या घरी गेली नाही, तिले वाटते मी रागावली. आज नातीचं बारसं हाय. मले पुढं जाऊ द्या."

सगळ्या बायाईनं वळून पाह्यलं. भासऱ्याच्या हातात पिशवी तशीच. माह्ये कान तापले, पन लाजेनं नाही, मले अशी उकळी फुटली व्हती का ओरडावं वाटे. लाइनीतली एक म्हातारी, काष्ट्याची, पुढून म्हनली, "जा माय. मी आत्ताच आतून आली, आन पुन्हा लाइनीत उभी हाय. मलेबी नाही धरवत." कोनीतरी हासलं. मंग एक जाडी बाई म्हने, मलेबी. एक पंजाबी ड्रेसवाली, चांगली शिकलेली दिसे, ती म्हने, "मी तर प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणीच पीत नाही." एक तेलुगू बाई इचारत व्हती का झालं काय, तिले कोनी हिंदीत सांगतलं, तं तिनं ताईचा हातच धरला आन पुढं वढत नेलं. शाळेच्या मास्तरीननं पोरी भिंतीले लावल्या. ती अख्खी लाइन बाजूले झाली, आन ताई मधातून गेल्या. मी आयुष्यात कोन्या मंत्र्यालेबी इतकी वाट भेटताना पाह्यली नाही.

गाडीत बसलो.  दोन-तीन किलोमीटर गेल्यावर भासरे म्हनले, "हे तू मले कवा सांगतलं नाही." ताई म्हनल्या, "तुमी कवा इचारलं नाही." त्यायनं मान हालवली. मंग पुढं वाकून खेमसिंगले म्हनले, "खड्ड्यातून नेऊ नको रे. धीरे चालव, मुहूर्त गेला तं गेला."

मुहूर्त गेला नाही. आदिलाबादले सव्वाबारा वाजता पोचलो. दारात जावई, त्याची माय, सगळे पाया पडाले पुढं आले. सुरभी आतल्या खोलीत पाळन्याजवळ बसली व्हती. उठली नाही. मायकडं पाहून म्हने, "सापडला का आई रस्ता?" माह्या जिभेवर जवाब तयार व्हता, पन ताईनं मले हातानं थांबवलं. दार लोटलं, पोरीजवळ बसल्या आन तेच सांगतलं जे लाइनीत सांगतलं व्हतं. आता त्यायले सोपं गेलं. टेम्पोतली बाटली सांगतली, चोवीस दारं सांगतली, आताची लाइन सांगतली.

सुरभीचं तोंड उतरून गेलं. "कवापासून हाय हे?"

"झाले लय वर्सं," ताई म्हनल्या. कवापासून ते सांगतलं नाही. मले माहीत व्हतं, आन मी जीभ दाताखाली धरून बसली.

"येवढ्यासाठी चार वर्सं, आई?"

"येवढंसं नव्हतं बाई ते."

सुरभी रडाले लागली. अशी रडली का पाळन्यातली पोरगी जागी झाली. मंग तिनं दाराकडं पाह्यलं, बंद हाय का नाही ते, आन आवाज खाली केला. "मलेबी होऊन राह्यलं, आई. पहिल्या पोरापासून. घरात कोनालेच माहीत नाही, ह्यायलेबी नाही. मी माहेरी काहून येत नव्हती, तुमाले काय वाटलं?"

ताईनं घडीभर नातीले मांडीवर घेतलं, तिच्या आंगावरचं दुपटं नीट केलं. मंग दुसऱ्या हातानं सुरभीचा हात धरला.

"मी आज परत जात नाही," त्या म्हनल्या. "उद्या सकाळी दोघी मिळून डॉक्टरीनबाईकडं जाऊ. तू लाजली तं मी बोलन."